जलरंगातील झाडे आणि प्राणी : पाहण्याचा अभ्यास, नावाचा इतिहास

प्रास्ताविक

पाचवीच्या कोणत्याही वर्गाला ‘झाड काढा’ असे सांगितले, तर पाच मिनिटांत सगळ्या वह्यांत जवळजवळ एकच झाड उभे राहते. दोन समांतर रेषांचा तपकिरी बुंधा, त्यावर हिरवा गोळा, मागे दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य आणि आकाशात दोन-दोन कमानींचे पक्षी. वर्गाच्या खिडकीबाहेर खरे कडुनिंबाचे झाड उभे असते, पण त्याच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. मधल्या सुट्टीत त्याच झाडावर चढणारा, त्याची कोणती फांदी वजन पेलते आणि कोणती मोडते हे नेमके जाणणारा मुलगासुद्धा वहीत हाच हिरवा गोळा काढतो. मुलाला झाड ठाऊक नसते असे नाही. आपल्याला जे ठाऊक आहे ते चित्रात मांडण्याच्या योग्यतेचे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

निवासी शाळेतील मुलांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्या विद्यार्थ्यांचे पालक बहुतांशी शेतमजूर, ऊसतोड कामगार, वीटभट्टीवर राबणारे, छोटे शेतकरी. झाडांविषयी या घरांतून जेवढे ज्ञान आहे तेवढे पुष्कळदा पुस्तकांतही नसते. कोणते लाकूड चुलीत धूर करते, कोणत्या झाडाखाली सरपण वेचताना जपावे लागते, मोहाची फुले कोणत्या वेळी गळतात, हे त्यांना विचारावे. परंतु हे ज्ञान वहीच्या पानावर उतरत नाही आणि उतरले तरी त्याखाली कोणाचे नाव लागत नाही. प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे. त्यामुळे झाडे व प्राणी जलरंगात कसे रंगवावेत याचा पाठ देताना, ज्यांनी ते पूर्वी रंगवले त्यांच्या नावांचे काय झाले, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या आहेत.

पाण्याचा रंग, कागदाचा उजेड

जलरंग म्हणजे बारीक वाटलेली रंगद्रव्याची पूड आणि ती कागदाला चिकटवून ठेवणारा डिंक. हा डिंक बाभळीच्या गोत्रातील झाडापासून मिळतो. झाडाचे चित्र काढताना झाडाचाच चीक आपण वापरतो, ही गोष्ट मुलांना सांगितली की त्यांना रंगपेटीविषयी वेगळीच आपुलकी वाटू लागते. पाणी हे केवळ वाहन. रंग जागेवर पोचला की ते उडून जाते.

जलरंग वापरण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत रंगात पांढरा मिसळून तो दाट, अपारदर्शक करतात. असा रंग खालच्या रंगाला झाकतो. मुघल, राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रे प्रामुख्याने या रीतीची आहेत. अनेक कागद एकावर एक चिकटवून केलेल्या ‘वसली’वर, खारीच्या शेपटीच्या केसांच्या बारीक कुंचल्याने चित्र रंगवायचे आणि अकीक दगडाने घासून त्याला तुकतुकी आणायची, ही त्यांची पद्धत. दुसरी रीत पारदर्शक रंगाची. तिच्यात पांढरा रंग जवळजवळ वापरतच नाहीत. कागदाचा पांढरेपणा हाच चित्रातला उजेड. रंगाचा पातळ थर दिला की त्यातून कागद चमकतो. थरावर थर चढतील तसतसा उजेड कमी होतो. म्हणून पारदर्शक जलरंगात काम नेहमी फिक्याकडून गडदाकडे जाते. तैलरंगात चुकलेली जागा वरून उजळ करता येते, जलरंगात उजळ जागा आधीच राखून ठेवावी लागते.

महाराष्ट्रात ही दुसरी रीत 1857 साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेतून रुजली. तिथे शिकलेले आबालाल रहिमान यांना कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. कोटितीर्थ तलावाच्या परिसरातील झाडे, पाणी आणि बदलता प्रकाश त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. एकच जागा अनेक वेळा रंगवणे म्हणजे त्याच त्या गोष्टीची पुनरावृत्ती नव्हे, हे त्यांच्या निसर्गचित्रांवरून शिकण्यासारखे आहे. सकाळचे झाड आणि संध्याकाळचे झाड ही चित्रकाराच्या दृष्टीने दोन निरनिराळी झाडे असतात.

दरबारातील झाडे आणि पक्षी

भारतात प्राण्यांचे हुबेहूब चित्रण राजाश्रयाने भरभराटीस आले ते जहांगीरच्या काळात. त्याची कारकीर्द 1605 ते 1627. त्याच्या आत्मचरित्रातील एक नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. 1612 साली त्याचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून काही दुर्मिळ पशुपक्षी घेऊन आला. त्यांचे वर्णन लिहून जहांगीर म्हणतो की, बाबराने आपल्या ग्रंथात प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रकारांना त्यांची चित्रे काढायला सांगितले नाही. मी मात्र चित्रेही काढवून घेतली. शब्दांनी सांगणे पुरेसे नाही, दाखवले पाहिजे, हा विचार येथे स्पष्ट दिसतो. त्या खेपेत टर्की हा पक्षी होता. अमेरिका खंडातला हा पक्षी पोर्तुगिजांच्या गोव्यातून मुघल दरबारात पोचला आणि उस्ताद मन्सूर या चित्रकाराने त्याचे चित्र केले. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

मन्सूरला ‘नादिर-उल-असर’, म्हणजे युगातील अद्वितीय, अशी पदवी होती. 1620 सालच्या काश्मीर-भेटीत त्याने शंभराहून अधिक फुलांची चित्रे केल्याचे जहांगीरने नोंदवले आहे. त्याने रंगवलेला सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. हाच क्रौंच हिवाळ्यात भरतपूरच्या केवलादेव पाणथळीवर येत असे. 2002 नंतर तो तेथे दिसलेला नाही. मन्सूरच्या नावावर सांगितले जाणारे डोडो पक्ष्याचे एक चित्र सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे, आणि डोडो तर सतराव्या शतकातच जगातून नाहीसा झाला. पक्षी गेला, कागद राहिला. चित्र हे केवळ शोभेचे नसते, ते पुरावाही असते, याचे याहून ठळक उदाहरण देता येणार नाही.

याच काळातील अबुल हसनचे ‘चिनारातील खारी’ हे चित्र झाड आणि प्राणी एकत्र कसे मांडावेत याचा नमुना आहे. ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. शरद ऋतूत रंगलेला चिनार, फांद्याफांद्यांवर खारी आणि बुंध्याशी अनवाणी चढू पाहणारा एक पारधी. या चित्रात चिनार नुसती पार्श्वभूमी म्हणून येत नाही. ते खारींचे घर आहे, म्हणून प्रत्येक खार फांदीच्या आकाराशी आपले शरीर जुळवून घेते. आपल्या मुलांच्या चित्रात पक्षी झाडावर ‘ठेवलेला’ दिसतो, बसलेला दिसत नाही. त्याचे कारण पायाची पकड आणि फांदीची जाडी यांचा मेळ घातलेला नसतो.

पाटण्याचे तीन चित्रकार आणि दापुरीचा एक

मुघल सत्ता खचल्यावर चित्रकारांची घराणी आश्रयाच्या शोधात पाटणा, मुर्शिदाबाद, लखनौ अशा शहरांकडे गेली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी हे नवे आश्रयदाते झाले. कोलकात्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश सर एलायजा इम्पी यांच्या पत्नी लेडी मेरी इम्पी यांनी आपल्या बागेत देशोदेशीचे पशुपक्षी पाळले होते. त्यांची चित्रे काढण्यासाठी त्यांनी पाटण्याच्या तीन चित्रकारांना नेमले : शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास. 1777 ते 1782 या काळात तिघांनी मिळून तीनशेहून अधिक चित्रे केली.

ही चित्रे जलरंगाच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावीत. मुघल कुंचल्याची बारकाई आणि इंग्रजी जाड कागदावरचा मोकळा पांढरा अवकाश यांचा त्यांत संगम आहे. झैनुद्दीनने 1779 साली रंगवलेला, चंदनाच्या डहाळीवर बसलेला नीलपंख आज अमेरिकेतील मिनियापोलिसच्या संग्रहालयात आहे. त्यात पक्ष्याइतकेच लक्ष डहाळीच्या पानांकडेही दिले आहे. भवानीदासच्या शैलीचे म्हणून ओळखले जाणारे मोठ्या वटवाघळाचे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात एक पंख पूर्ण पसरलेला आणि दुसरा मिटलेला दाखवला आहे. एका चित्रात दोन अवस्था दाखवण्याची ही युक्ती अभ्यासूपणाची आहे. ज्याने तो प्राणी फार वेळ पाहिला त्यालाच ती सुचेल.

इम्पी-संग्रहातील चित्रांवर चित्रकाराचे नाव आणि ‘पाटण्याचा रहिवासी’ अशी फारसी नोंद आढळते. एवढ्या एका ओळीमुळे आज दोन शतकांहून अधिक काळानंतरही आपण त्यांना नावाने ओळखतो. 2019 साली लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये कंपनीकाळातील भारतीय चित्रकारांचे प्रदर्शन भरले, त्यात ही नावे कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या पुढे आली.

परंतु सगळ्यांच्या वाट्याला ती ओळ आली नाही. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक वनस्पतिचित्रे करवून घेतली. संग्रह रॉक्सबर्ग यांच्या नावाने ओळखला जातो, त्यातील बहुतेक चित्रकार अनामिक आहेत. आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर अधिक जवळचे आहे. पुण्याजवळ दापुरी, म्हणजे आजची दापोडी, येथे मुंबई सरकारचे वनस्पती उद्यान होते. त्याचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात तेथील झाडाफुलांची दीडशेहून अधिक जलरंगचित्रे करवून घेतली. ती सध्या एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत आणि 2002 साली हेन्री नॉल्टी यांनी त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच नोंदींवरून कळते. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. ज्या माणसाने एकेका पाकळीची शीर मोजली त्याची मोजणी कोणी केली नाही.

याच्या उलट मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या रंगय्या आणि गोविंदू या चित्रकारांचे ऋण मान्य केले, इतकेच नव्हे तर आमरीच्या एका प्रजातीला ‘गोविंदूइया’ असे नाव दिले. शास्त्राच्या पुढच्या फेरमांडणीत ती प्रजाती दुसऱ्या नावाखाली गेली, तरी एका तेलुगू चित्रकाराचे नाव वनस्पतिशास्त्राच्या लॅटिन ग्रंथांत शिरले ते शिरलेच.

कारागिराचे नाव कोरण्याची परंपरा आपल्या देशात फार जुनी आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनी हे कोरीव काम केले, असा ब्राह्मी लेख आहे. भारहूतच्या कठड्यावर पूर्वबुद्धांचे बोधिवृक्ष निरनिराळे कोरलेले आहेत, कोणाचा वड, कोणाचा उंबर, कोणाचा शाल, आणि त्यांच्यापाशी लेख आहेत. झाड ओळखू येईल असे घडवायचे, त्याचे नाव लिहायचे आणि घडवणाऱ्याचीही नोंद ठेवायची, हा दोन हजार वर्षांपूर्वीचा धडा आहे.

झाड रंगवण्याचा पाठ

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. साहित्य थोडेच लागते. गोल टोकाचे दोन कुंचले, एक बारीक आणि एक जाड. पाण्याची दोन भांडी, एक कुंचला धुण्यासाठी आणि एक स्वच्छ पाण्याचे. जुन्या सुती कापडाचा तुकडा. आणि शक्य तितका जाड कागद. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. 300 ग्रॅमचा कागद उत्तम, पण तो महाग असतो. तो परवडत नसेल तर साध्या ड्रॉइंगच्या कागदाच्या चारही कडा फळीवर कागदी चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात आणि पाणी जपून वापरावे.

पहिली पायरी : झाड सावलीसारखे पाहावे. डोळे किंचित मिटून पाहिले की पाने नाहीशी होतात आणि झाडाचा एकूण आकार उरतो. वड रुंदीला उंचीहून मोठा भरतो, बाभूळ विरळ छत्रीसारखी दिसते, साग सरळ वर जातो, अशोक खांबासारखा दिसतो. लांबून येणारी व्यक्ती चेहरा दिसण्याआधी चालीवरून ओळखू येते, तसे झाड या आकारावरून ओळखू येते.

दुसरी पायरी : सांगाडा. बुंधा दोन समांतर रेषांचा नसतो. तो जमिनीशी पसरतो आणि वर जाताना निमुळता होतो. फांदी जिथे फुटते तिथे मूळ खोड थोडे बारीक होते. पानगळीच्या दिवसांत, माघ-फाल्गुनात, हा सांगाडा उघडा पडतो, म्हणून झाडाचा अभ्यास उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू करावा. ‘पळसाला पाने तीन’ ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली असेल, त्याने पळसाची डहाळी हातात घेऊन पाहिली असणार. म्हणीतही निरीक्षण असते. फुललेल्या पळसावर पाने जवळजवळ नसतात. काळपट फांद्या, त्यांवर मखमली गडद पुष्पकोश आणि त्यांतून बाहेर आलेल्या केशरी पाकळ्या, एवढेच दिसते. अशा वेळी केशरी रंग आधी द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच काळपट फांदी त्यामधून न्यावी. उलट केले तर केशरी मळतो.

तिसरी पायरी : हिरवा रंग. पेटीतला तयार हिरवा तसाच वापरणे ही सर्वांत मोठी अडचण आहे, कारण जगातली सगळी झाडे मग एकाच दुकानातून रंगवून आणल्यासारखी दिसतात. हिरवा स्वतः तयार करावा. लिंबू पिवळा आणि प्रशियन निळा मिसळला तर कोवळा, चमकदार हिरवा मिळतो. पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर, आणि अल्ट्रामरीन निळा मिसळला तर जुनाट, धुळकट हिरवा मिळतो. एप्रिलमधल्या रस्त्याकडेच्या झाडांवर तोच असतो. फार भडक झाला तर त्यात बर्न्ट सिएना किंवा थोडा किरमिजी घालावा, हिरवा खाली बसतो. आणि पालवी नेहमी हिरवी असते असेही नाही. पिंपळाची कोवळी पाने तांबूस गुलाबी, मोहाची तांबट आणि कुसुंबाची तर लालभडक असतात. जे दिसते ते रंगवावे, जे असायला हवे असे वाटते ते नव्हे.

चौथी पायरी : पाने नव्हे, पानांचे समूह. दुरून एक-एक पान दिसत नाही, उजेडाचे आणि सावलीचे पुंजके दिसतात. आधी साऱ्या पर्णसंभारावर सर्वांत फिका पिवळट हिरवा पातळ हाताने द्यावा, मात्र मध्ये आकाशाच्या खिडक्या मोकळ्या सोडाव्यात. याच खिडक्यांतून पुढे पक्षी उडत जाणार असतो. तो थर ओला असतानाच सावलीच्या बाजूला गडद हिरवा सोडला की कडा आपोआप मऊ होतात. थर वाळल्यावर पुढच्या बाजूची चार-दोन पाने स्पष्ट काढावीत. पिंपळाच्या पानाचे लांब टोक असे एकदाच नीट दाखवले, तर डोळा बाकीची पाने स्वतःच पिंपळाची समजतो. खोडाच्या खडबडीत सालीसाठी कुंचला जवळजवळ कोरडा करून कागदावरून अलगद ओढावा, कागदाच्या खरखरीवर रंग तुटक बसतो आणि साल दिसू लागते.

वेळ सकाळी दहापूर्वीची किंवा दुपारी चारनंतरची निवडावी. भर दुपारी उजेड वरून पडतो आणि झाड सपाट दिसते.

प्राणी आणि पक्षी रंगवण्याचा पाठ

झाड उभे राहते, प्राणी थांबत नाही. म्हणून प्राण्याचे चित्र एका बैठकीत होत नाही, दहा-वीस झटपट रेखाटनांतून होते. खार फांदीवर थांबते तेवढ्या क्षणात एक रेषा काढावी, ती उडी मारून गेली तर नवे रेखाटन सुरू करावे. ती परत त्याच पवित्र्यात बसतेच. मग जुने अर्धे रेखाटन पुढे न्यावे. पाठीवरचे पट्टे मोजावेत. आपल्याकडे तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन्ही खारी आहेत आणि मोजल्याशिवाय चित्र खरे होत नाही.

सुरुवात घराजवळच्या जनावरांपासून करावी. गाय, म्हैस, शेळी रंगवता आली की हरिण आणि भेकर अवघड जात नाहीत, कारण सांगाड्याची रचना सारखीच असते. पुष्कळांची चूक मागच्या पायात होते. गाईच्या मागच्या पायात मध्यावर जो सांधा मागे आलेला दिसतो त्याला आपण गुडघा समजतो, वस्तुतः ती टाच असते. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. गाय आपल्या पावलांच्या अगदी टोकांवर उभी असते. हे एकदा समजले की पाय योग्य जागी वाकतो आणि जनावर उभे राहते.

म्हैस काळ्या रंगाने रंगवू नये. पेटीतला काळा कागदावर भोक पाडल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचे मिश्रण घ्यावे. निळा जास्त घेतला तर पाठीवर पडलेल्या आकाशाच्या उजेडाचा थंड करडा मिळतो, तांबडा जास्त घेतला तर पोटाखालचा उबदार गडद रंग मिळतो. कावळ्यालाही हाच नियम.

म्हशीशेजारी गायबगळा असतोच, आणि जलरंगाचा खरा धडा तोच देतो. पांढरा पक्षी पांढऱ्या कागदावर कसा रंगवायचा? उत्तर असे की तो रंगवायचाच नाही. त्याच्या भोवतीचे गवत, मागची म्हैस, चिखल हे रंगवायचे आणि बगळ्याची जागा कोरी ठेवायची. मग पोटाखाली अगदी पातळ निळसर करडी सावली, पिवळी चोच आणि विणीचा काळ असेल तर डोक्यामानेवर फिकट केशरी झाक. बगळा उभा राहतो तो आपण काय केले त्याने नव्हे, काय राखले त्याने. मुलांना ही गोष्ट एकदा जमली की त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो.

रंगीत पक्ष्यासाठी खंड्या घ्यावा. तांबूस डोके, पांढरा गळा, निळे पंख, लाल मोठी चोच असे चार रंग शेजारी असतात. एक वाळल्याशिवाय दुसरा लावू नये, नाहीतर निळा तांबूस भागात ओघळतो. पंख रंगवताना प्रत्येक पीस काढण्याचा मोह आवरावा. आधी पंखाचे गट पाहावेत, खांद्याकडची बारीक पिसे, मधली पिसे आणि उड्डाणाची लांब पिसे. डोळ्यातला प्रकाशाचा बिंदू कोरा ठेवावा, तो विसरला तर पक्षी पेंढा भरलेला दिसतो.

इम्पींच्या बागेतील पक्षी पिंजऱ्यातले होते. आपल्याला पिंजऱ्याची गरज नाही. घरट्याजवळ जाऊ नये, पिल्लांना हात लावू नये, पक्षी उडवून लावू नये. अंतर राखून बसणाऱ्या माणसाची पक्ष्यांना दहा-पंधरा मिनिटांत सवय होते. निरीक्षणासाठी जेवढी नजर लागते तेवढाच संयमही लागतो.

चित्राखालच्या चार नोंदी

चित्र पूर्ण झाले असे समजण्यापूर्वी त्याच्या खालच्या कडेवर पेन्सिलीने चार गोष्टी लिहाव्यात.

एक, तारीख आणि वेळ. दोन, ठिकाण. कोणत्या गावाच्या कोणत्या ओढ्याकाठी, कोणत्या रस्त्याकडेला हे झाड होते. तीन, झाडाचे किंवा प्राण्याचे घरात बोलले जाणारे नाव आणि ते कोणी सांगितले. आजीने सांगितले असेल तर आजीचे नाव. एकाच झाडाला दोन तालुक्यांत दोन नावे असतात, ती दोन्ही लिहावीत. चार, स्वतःचे पूर्ण नाव, आईवडिलांच्या नावासह.

पहिल्या तीन नोंदींनी चित्र पुरावा होते. रस्ता रुंद झाला, झाड तुटले, ओढा बुजला, तरी अमुक साली येथे उंबर होता आणि त्यावर हळद्या येत असे, हे त्या कागदावरून सिद्ध होईल. वीस वर्षांनी कोणी आपल्या गावाचा पर्यावरणाचा इतिहास लिहू म्हणेल, तेव्हा सरकारी दप्तरात जे नसेल ते अशा वहीत सापडेल. चौथी नोंद मात्र चित्रकारासाठी आहे. दापुरीच्या त्या चित्रकाराची कारागिरी कमी नव्हती, त्याची नोंद कमी पडली. ज्यांच्या पूर्वजांचे श्रम इतिहासात आले पण नावे आली नाहीत, अशा घरांतील मुलांना या एका ओळीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. नाव लिहिणे हा गर्व नव्हे. मी पाहिले, मी नोंदवले, आणि या नोंदीची जबाबदारी माझी आहे, असे ते विधान आहे.

समारोप

शालेय चित्रकलेकडे पालक बहुधा ग्रेड परीक्षेच्या वाढीव गुणांसाठी पाहतात. ते गुण मिळावेत, त्यात गैर काही नाही. परंतु झाडासमोर तासभर बसलेल्या मुलाला गुणांपलीकडेही काही मिळते. ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांतला फरक त्याला हाताने कळतो. सगळे जण हिरवा गोळा काढत असताना समोरचे झाड गोळ्यासारखे नाही, असे म्हणण्याचे धैर्य त्याच्यात येते. हे धैर्य चित्रकलेच्या तासाला आले तरी ते त्या तासापुरते राहत नाही. इतिहास शिकतानाही ते लागते, नागरिक म्हणून जगतानाही लागते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेला भेट देताना खाऊ आणावाच, पण जमल्यास जाड कागदाची एक वहीही आणावी, आणि आपल्या गावचे एक झाड, त्याच्या नावानिशी, तिच्या पहिल्या पानावर स्वतः रंगवून द्यावे. हात वळत नसेल तर नुसता सांगाडा काढला तरी चालेल. पालकांनाही विनंती अशी की, सुट्टीत मूल घरी आले की त्याला एखादे झाड दाखवावे आणि त्या झाडाविषयी जे ठाऊक असेल ते सांगावे. आपल्याला काय येते, असे म्हणून मागे राहू नये. तुम्हाला जे ठाऊक आहे तेच त्या चित्राखालची तिसरी नोंद होणार आहे. अशा वह्या शाळेच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षे साठत गेल्या, तर पुढच्या स्मरणिकेच्या वेळी आपल्या परिसराच्या झाडापाखरांचा, आणि ते पाहणाऱ्या मुलामुलींच्या नावांचा, एक खराखुरा संग्रह आपल्या हाती असेल.